चांपानेरचा राजवाडा: वर देवी, खाली खोदकाम

बडोद्यातल्या मराठी घरात पावागढला गेला नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. पहाटे निघायचं, हालोलच्या पुढे डोंगर दिसला की गाडीतूनच हात जोडायचे, माचीवर रोपवेच्या लाइनीत उभं राहायचं, कालिकामातेला चुंदडी-श्रीफळ वाहायचं आणि दुपारपर्यंत घरी. जाता-येता पायथ्याशी चांपानेरच्या जुन्या शहराचा दगडी तट दिसतो तो "कसलातरी जुना किल्ला" म्हणून सोडून द्यायचा, मीही वर्षानुवर्षं तेच केलं. आता भाचा आर्किऑलॉजी शिकतोय आणि मला तिकडे ओढून नेतो, म्हणून हे नीट लिहून काढतोय.

पहिली गोष्ट, राजवाडे दोन, आणि लोक हमखास घोळ करतात. एक वर डोंगरावर, खिची चौहानांचा, ज्यांच्या शेवटच्या राजाला सगळे पताई रावळ म्हणतात. आजी सांगायची की नवरात्रात देवी स्वतः गरब्यात आली, पताईने तिचा पदर धरला आणि शाप घेतला. शापाचं आजीला माहीत, पण १४८४ मध्ये गुजरातचा सुलतान महमूद बेगड्याने दीड वर्षाहून जास्त वेढा घालून गड घेतला एवढं खरं. दुसरा राजवाडा खाली, बेगड्याने वसवलेल्या नव्या राजधानीतला. नाव ठेवलं मुहम्मदाबाद, आणि सुलतानाचा दरबार अहमदाबादहून इकडे आला. तट, दरवाजे, १७२ खांबांची जामा मशीद, बागा, तळी, सगळं त्या एका पिढीत उभं राहिलं.

आणि जेमतेम पन्नास वर्षांत मोडलंही. १५३५ मध्ये मुघल बादशहा हुमायून आला, रात्री कड्यात लोखंडी मेखा ठोकून त्याची माणसं गडावर चढली आणि एकेचाळिसावा चढणारा तो स्वतः, असं मुघलांच्याच बखरीत लिहिलंय. पुढे राजधानी परत अहमदाबादला गेली. दरबार गेला की सराफ जातो, माळी जातो, पाणक्या जातो, मग छपराचं लाकूड कुजतं आणि काटेरी झाडं आत शिरतात. सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच मिरात-ए-सिकंदरी हा गुजरातच्या सुलतानांचा इतिहास लिहिणारा म्हणतो की इथे आता वाघ राहतात.

मधला भाग आपल्याला जरा अवघड, कारण इथे मराठे येतात. मराठा सरदार कंठाजी कदमांच्या कृष्णाजीने १७२७ च्या सुमारास चांपानेर घेतलं, नंतर ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे गेलं, १८०३ ला इंग्रजांनी जिंकून शिंद्यांना परत दिलं आणि १८६१ मध्ये अदलाबदलीत कायमचं घेतलं. म्हणजे शंभरेक वर्षं, मधे खंड पडत का होईना, जागा आपल्याच माणसांच्या ताब्यात. पण गड म्हणजे चौकी आणि महसूल, खालच्या पडक्या शहराचं कुणाला काय!

खरं खोदकाम झालं ते आपल्या युनिव्हर्सिटीकडून. सयाजीराव युनिव्हर्सिटी १९४९ ची, आर्किऑलॉजी डिपार्टमेंट त्याच्या पुढच्याच वर्षीचं. तिथल्या रमणलाल मेहतांच्या टीमने १९६९ ते १९७५ या काळात चांपानेर पालथं घातलं. तेव्हा नाव व्हायचं ते हडप्पा नाहीतर बौद्ध स्तूप खणून, सुलतानी काळातलं गाव खणायला कोण जाणार, त्याच्या तर तवारिखा, म्हणजे दरबारी इतिहास, आहेतच की असा सूर. पण तवारिखेत लढाया असतात, सांडपाणी कुठून जायचं ते नसतं. यांनी आधी झाडीत पायी फिरून भिंतींची टोकं, रस्ते, दरवाजे नकाशावर आणले आणि मग चर मारले.

सुलतानाच्या खास वाड्याचा तट आजही उभा आहे, पण त्याच तटाच्या आत आजचं चांपानेर गाव नांदतंय, दारात बाज, तारेवर कपडे, आता तिथे कुणाच्या अंगणात खड्डा काढणार? म्हणून महालातलं राहणं कसं होतं ते बघायचं तर अमीर मंझिलला जावं लागतं, कुणा बड्या सरदाराचं घर, हे मात्र खणून मोकळं केलेलं. वर काही नाही, जोती तेवढी उरलीत, पण बसून बघितलं की कळतं. चौकात हौद, बागेचे वाफे, आणि त्यांच्यातून जाणारी दगडी पन्हळ जी सरळ न जाता मुद्दाम नागमोडी वळवलीये. पाणी पोचवायचंच असतं तर सरळ पाट पुरला असता, हे बघायला आणि ऐकायला केलेलं.

शेवटी २००४ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव लागलं, साधारण १३२९ हेक्टर, डोंगर आणि शहर दोन्ही धरून. गर्दी अजूनही सगळी वरच. मागच्या खेपेला आम्ही अमीर मंझिलला गेलो तर चिटपाखरू नव्हतं, भाच्याने बाटलीतलं उरलेलं पाणी त्या पन्हळीत सोडलं, ते दोन वळणं घेऊन मुरलं, आणि रखवालदार ओरडला तसे आम्ही निघालो.