धुळीनं नव्हे, फडक्यानं

रात्री पेट्रोल पंपाच्या झगझगीत दिव्याखाली एखाद्या काळ्या किंवा गडद निळ्या गाडीचं बॉनेट नीट पाहा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेषांची गोल जाळी दिसते, कोळ्यानं विणावी तशी. हीच गाडी दिवसा सावलीत नवीकोरी वाटत असते. धुणाऱ्यानं फडकं गोल गोल फिरवलं म्हणून चरेही गोल पडले, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर चरे वाटेल त्या दिशांना गेलेले असतात. मात्र चऱ्याची कड दिव्याचा उजेड थेट आपल्या डोळ्यांत पाठवते तेव्हाच तो चमकतो, आणि हे फक्त प्रतिबिंबाभोवती आडव्या पडलेल्या चऱ्यांना जमतं. बाकीचे तिथेच असतात, पण दिसत नाहीत. म्हणून आपण दोन पावलं सरकलो की जाळीही आपल्याबरोबर सरकते. जुन्या स्टीलच्या ताटात बल्बचं प्रतिबिंब पडलं की हाच प्रकार दिसतो.

चरा पाडायचा तर पाडणारी वस्तू रंगापेक्षा कठीण हवी. पाणी, शाम्पू, सुती कापड यांपैकी कुणाचीच ती ऐपत नाही. उरते ती धूळ, आणि नाशिकची धूळ या बाबतीत चांगलीच तयारीची आहे.

नाशिक दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर वसलेलं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे हे थर. पांडवलेणी आणि चामर लेणी कोरली तीही याच खडकात. बेसॉल्टमध्ये मुख्यतः दोन खनिजं असतात, प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार आणि ऑजाइट. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस यांनी १८१२ साली काठिण्याची १ ते १० अशी मोजपट्टी मांडली. तिच्यावर फेल्डस्पार ६ ते ६.५ वर बसतो आणि ऑजाइट ५.५ ते ६ वर. घरातल्या सुरीचं पोलाद साधारण साडेपाचच्या आसपास असतं. शिवाय बेसॉल्टच्या पोकळ्यांत गारगोटी आणि अकीकही सापडतात, त्यांचं काठिण्य ७ पर्यंत जातं. शेतातली काळी माती स्वतः मऊ असते, पण तिच्यातही न कुजलेल्या फेल्डस्पारचे कण असतातच.

त्याहून वाईट म्हणजे कच. खाणीत खडी फोडताना निघणारा हा बारीक चुरा आणि वाळूच्या जागी वापरली जाणारी क्रश सँड, दोन्ही ताज्या फुटलेल्या खडकाची. नदीत घरंगळलेल्या वाळूच्या कडा गुळगुळीत झालेल्या असतात. कचीच्या कणांना धार असते. गावात बांधकामं सुरू आहेतच, त्यात २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं निघालेली. गाडीवर बसतो तो थर म्हणजे वाऱ्यानं चाळून दिलेला पॉलिश पेपरचा मसालाच.

आता दुसरी बाजू पाहू. गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. कंपनीतून निघालेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. क्लिअर कोट त्यातला ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. झळाळी त्याचीच, आणि खालच्या रंगाला उन्हातल्या अतिनील किरणांपासून राखणाराही तोच. आहे मात्र तो प्लास्टिकच्या जातीचा. फेल्डस्पारपुढे त्याचा निभाव लागत नाही.

पण मग नुसती धूळ बसून गाडी का खराब होत नाही? कारण ५० मायक्रॉनच्या कणाला स्वतःचं असं वजन जवळजवळ नसतंच. वजन देतो आपला हात. समजा, फडक्याखालच्या एका कणाच्या वाट्याला फक्त १ ग्रॅमचा भार आला आणि त्याचं टोक १० मायक्रॉन लांब, १० मायक्रॉन रुंद आहे. त्या टोकाखालचा दाब हवेच्या दाबाच्या जवळजवळ हजारपट निघतो. टोक त्याच्या निम्म्या मापाचं असेल तर चौपट आणखी. वर आपण तो कण बॉनेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेतो. थोडक्यात, धूळ बसलेली गाडी खराब होत नाही, धूळ पुसलेली गाडी होते. डिकीत पिसांचा किंवा धाग्यांचा झटकणी ब्रश ठेवून सिग्नलला उतरून गाडी झटकणाऱ्यांकडे पाहिलं की माझ्या अंगावर काटा येतो.

हिवाळ्यात यात दवाची भर पडते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला उघड्यावर उभी गाडी सकाळी ओलीचिंब असते. ते पाणी धुळीतले क्षार विरघळवतं, मग ऊन चढलं की सुकतं. सुकता सुकता कणांखालचं पाणी आकसतं, कणांना पृष्ठभागाकडे खेचतं आणि मागे उरलेले क्षार त्यांना तिथेच चिकटवून टाकतात. सोलर पॅनलवर धूळ घट्ट का बसते याचा अभ्यास करणाऱ्यांना हा प्रकार चांगलाच ओळखीचा आहे. म्हणूनच अशी धूळ नुसत्या वाऱ्यानं किंवा गाडी पळवून उडत नाही.

धुताना पहिला नियम त्यामुळे हात न लावण्याचा. आधी भरपूर पाणी, टपापासून खाली. प्रेशरची नळी असेल तर हातभर अंतर राखून. याने मोठे कण, म्हणजे खरे गुन्हेगार, निघून जातात. सगळेच मात्र जात नाहीत. वाहतं पाणी पृष्ठभागाला जिथे टेकतं, तिथे त्याचा वेग जवळजवळ शून्य असतो; पृष्ठभागापासून दूर जावं तसा तो वाढत जातो. या मंद पट्ट्याला सीमास्तर म्हणतात, आणि त्याची कल्पना लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये मांडली. विमानाच्या पंखांचं गणित ज्यावर उभं आहे तीच ही कल्पना. मोठा कण या पट्ट्यातून डोकं वर काढतो आणि वाहून जातो; बारीक कण आतच दडून राहतो. पाणी मारूनही गाडीवर एक मळकट साय उरते, ती याचमुळे.

ती काढायला फेस लागतो, आणि नंतर हात. शाम्पूचे रेणू तेलकट चिकटा सोडवतात, कणाभोवती आपलं वेटोळं करतात आणि कण व रंग यांच्यामध्ये निसरडा थर ठेवतात. फेस चार-पाच मिनिटं राहू द्यावा, सुकू मात्र देऊ नये. घरातलं काहीही चालतं, या समजुतीला इथे थारा नको. भांडी घासायच्या वडीत कॅल्साइटसारख्या खनिजांची पूड घातलेली असते, तिचं कामच खरवडण्याचं आहे. कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो. रंग तो लगेच खात नाही, पण वॅक्स उतरवतो.

आता बादली. इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण बहुतेक चरे याच एका बादलीतून येतात. फडकं गाडीवरून फिरतं, धूळ उचलतं, त्याच पाण्यात बुडतं आणि तीच धूळ घेऊन परत गाडीवर जातं. दोन बादल्या ठेवल्या, एक शाम्पूची आणि एक नुसत्या पाण्याची, की फडकं आधी साध्या पाण्यात खळबळून मग शाम्पूत घालता येतं. पण खळबळलेली धूळ त्या साध्या पाण्यात जाते कुठे? तळाशी, पण किती वेळानं हे कणाच्या आकारावर ठरतं. ५० मायक्रॉनचा दगडी कण पाण्यात सेकंदाला साधारण अडीच मिलिमीटर बुडतो, म्हणजे फूटभर खोल बादलीचा तळ दोन मिनिटांत गाठतो. १० मायक्रॉनच्या कणाचा वेग त्याच्या पंचवीसपट कमी. त्याला पाऊण तास सहज लागतो. वेग आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, हा स्टोक्सचा नियम. अर्थ असा, की जाड कण खाली बसतात, पण फडकं तळापर्यंत घुसळलं की पुन्हा वर येतात. बादलीच्या तळाशी जाळी टाकायची ती यासाठी. ती विकतच आणायला हवी असं नाही, तळापासून चार बोटं वर राहणारी प्लास्टिकची पालथी टोपलीही चालते. आणि निम्मी गाडी झाली की पाणी बदलावं, कारण बारीक कण तरंगतच असतात.

फडकं म्हणजे जाड लव असलेला मिट, हातमोज्यासारखा हातात घालायचा, घेतला तर उत्तम. कण लवेच्या मुळाशी शिरतो आणि रंगापासून दूर राहतो. शॅमॉयसारख्या सपाट, गुळगुळीत कापडात त्याला जायला जागाच नसते. जुनं बनियन मऊ असतं खरं, पण त्याचीही लव नाही आणि शिवण बोचते. मिट टपावरून सुरू करून खाली यावं. दारांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, कारण रस्त्यावरची कच तिथेच उडते. हात सरळ रेषेत फिरवावा. चरा पडलाच तर तो एका दिशेचा असेल आणि मोजक्याच कोनांतून दिसेल. चाकांचं फडकं वेगळं. ब्रेक झिजून उडालेली लोखंडाची भुकटी रिमवर बसलेली असते, ती बॉनेटवर न्यायची नाही.

वाळवणं हे धुण्याइतकंच नाजूक काम. बोअरचं पाणी असेल तर घाईचंही. बेसॉल्टच्या भेगांतून आलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक, आयएस १०५००, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा योग्य मानतं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. जडपणा जितका जास्त, तितके पांढरे डाग जास्त. गंगापूर धरणातून येणारं नळाचं पाणी मिळत असेल तर शेवटचा हात त्याचाच द्यावा.

डाग कडेलाच का उमटतो, यातही गंमत आहे. थेंबाची कड पृष्ठभागाला पकडून बसते आणि तिथून बाष्पीभवन सगळ्यात वेगानं होतं. ती तूट भरायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि क्षार सोबत नेतं. सांडलेल्या कॉफीचा डाग कडेला गडद का, याचा उलगडा शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याच प्रवाहातून केला होता. बॉनेटवरचं पांढरं कडं त्याच जातीचं. उन्हात गाडी धुतली की ही क्रिया मिनिटांत उरकते. म्हणून सावली हवी आणि पत्रा हाताला गार लागायला हवा.

पुसायचं पाणी आधीच कमी करता येतं. नळीचं तोंड काढून टाकावं आणि टपावरून संथ, अखंड धार सोडावी. पृष्ठताणामुळे पाण्याची चादर एकसंध खाली घसरते आणि जाता जाता सुटे थेंबही ओढून नेते. जे उरेल त्यावर मायक्रोफायबरचा मोठा टॉवेल पसरावा, अलगद दाबावा किंवा वजन न देता सावकाश ओढावा. घासायचं नाही. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांचे चिरलेले अतिसूक्ष्म धागे. त्यांच्यामधल्या फटी केशाकर्षणानं पाणी ओढतात. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घातला तर या फटी बुजतात आणि टॉवेल नुसतं पाणी पसरवत बसतो. जमिनीवर पडलेला टॉवेल त्या दिवसापुरता बाद.

चरे पडलेच तर पॉलिश आहे, पण ते चरे भरत नाही. आजूबाजूचा क्लिअर कोट घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणतं. एकूण ऐवज पन्नासेक मायक्रॉनचा, तेव्हा दर दिवाळीला रबिंग करून घेणं मला तरी उधळपट्टी वाटते. पक्ष्यांची विष्ठा मात्र थांबवून ठेवू नये. तिच्यात युरिक आम्ल असतं. ओलं फडकं दहा मिनिटं तिच्यावर ठेवावं, मऊ झाली की उचलावी.

राहिला सोसायटीतला प्रश्न. पहाटे एक दादा येतात, एक बादली, एक फडकं आणि रांगेतल्या दहा-बारा गाड्या. त्यांचा दोष नाही. गाडी रोज पुसलेली दिसायला हवी हा हट्ट आपला. तेव्हा महिन्याचे पैसे आहेत तेवढेच द्यावेत आणि सांगावं, दादा, रोज पुसू नका, आठवड्यातून एकदा पाणी मारून धुवा, आणि आमच्या गाडीचा मिट आम्ही देतो. काचा रोज पुसाव्या लागतात, त्याही आधी मगभर पाणी ओतून, आणि कोरड्या काचेवर वायपर तर अजिबात नको. काचेचं काठिण्य साडेपाचच्या आसपास आहे, धूळ सहाची.