‘पाठवले’ असे कळवण्याआधी
नाणी, टपाल तिकिटे, रेकॉर्ड आणि संग्राह्य कार्डे ऑनलाइन विकणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

वस्तू आमच्याकडे बांधायला दिली की बहुतेक जण लगेच विचारतात, “ट्रॅकिंग नंबर आत्ताच मिळेल का?” नाही मिळणार. पार्सल बांधून, वजन करून वाहतूकदाराच्या हाती गेले आणि तिथे त्याचे स्कॅन झाले, की मगच आम्ही नंबर देतो. काही ग्राहकांना हा आडमुठेपणा वाटतो, म्हणून त्यामागचे कारण इथे नीट सांगत आहोत.

विक्री झाली, पैसे जमा झाले, की मार्केटप्लेस विक्रेत्याच्या मागे लागते. माल किती दिवसांत रवाना होणार, याचे घड्याळ सुरू होते. अशा वेळी ट्रॅकिंग नंबरचे लेबल तयार होताच ‘पाठवले’ची खूण करून मोकळे व्हायचा मोह होतो. वस्तू मात्र अजून कपाटातच असते. खरेदीदार नंबर टाकून बघतो, तर ‘माहिती नोंदवली, पार्सल प्राप्त नाही’ एवढीच ओळ. दुसऱ्या दिवशी तीच, तिसऱ्या दिवशीही तीच. संग्रह करणारा माणूस ती एक वस्तू कित्येक वर्षे शोधत असतो. तो दिवसातून चार वेळा बघणारच. मग तो तुम्हाला लिहितो, तुम्ही आम्हाला फोन करता, “पार्सल कुठे अडकले?” ते कुठेच अडकलेले नसते, आमच्या टेबलावर रांगेत असते. पण खरेदीदाराच्या लेखी तोवर तुमचा शब्द खोटा ठरलेला असतो, आणि पुढे खरेच उशीर झाला तर तो तुमचे काही ऐकून घेत नाही. या चौकशांना उत्तरे देण्यात आमचा जो वेळ जातो, त्यात रांगेतली पार्सले बांधून झाली असती.

त्यापेक्षा विक्रीच्या दिवशीच दोन ओळी लिहा: पैसे मिळाले, अमुक दिवशी रवाना करतो. तारीख जमण्यासारखी असेल तीच द्या. चार दिवस लागणार असतील तर चारच सांगा; संग्राहक थांबायला तयार असतो, त्याला फक्त कधीपर्यंत थांबायचे ते हवे असते. उशीर होणार असे दिसले तर त्याने विचारायच्या आत कळवा. आणि नंबर हाताने टंकू नका, आमच्या संदेशातून उचलून चिकटवा. आंतरराष्ट्रीय टपालाचा नंबर १३ चिन्हांचा असतो: दोन अक्षरे, नऊ अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे. नवव्या अंकावरून आधीचे आठ पडताळले जातात, त्यामुळे एखादा अंक चुकला की नंबर सहसा अवैध ठरतो आणि खरेदीदाराला आपण फसलो असे वाटू लागते.

दुसरी विनंती: डबा चिकटपट्टीने बंद करून आणू नका. आतली वस्तू, तिची बांधणी आणि वजन यांचे फोटो आम्ही डबा बंद करण्याआधी काढतो. नुकसानभरपाई मागताना नीट बांधले होते हे दाखवावे लागते, आणि बंद डब्याबद्दल आम्ही काय दाखवणार? शिवाय बंद करून आणलेल्या डब्यांत बांधणीच्या काय चुका निघतात ते आम्ही पाहिले आहे. एलपी रेकॉर्ड कव्हरच्या आत ठेवूनच पाठवली की वाटेतल्या धक्क्यांनी तिची कड कव्हरची शिवण फाडते. तबकडी आतल्या पाकिटासह बाहेर काढून कव्हरच्या मागे ठेवायची आणि दोन्ही बाजूंना ताठ पुठ्ठा लावायचा. नाणी मऊ पीव्हीसीच्या पाकिटात असतात. त्या प्लॅस्टिकमधून सुटणारी द्रव्ये काही काळाने नाण्यावर चिकट हिरवट थर आणतात, म्हणून आम्ही पॉलिएस्टरचीच पाकिटे ठेवतो. थोडी महाग आहेत, पण नाणे सांभाळतात. कार्डाच्या टॉपलोडरचे (कडक प्लॅस्टिकच्या पाकिटाचे) तोंड पारदर्शक चिकटपट्टीने आवळलेले असते. ती काढताना कार्ड ओरखडते. रंगाऱ्यांची कागदी पट्टी लावा आणि तिचे टोक दुमडून ठेवा. न वापरलेल्या तिकिटांच्या मागचा गोंद दमटपणाने चिकटतो, तेव्हा ती कोरडी आणि मोकळी ठेवा, घट्ट दाबून नको.

बांधायला देण्याआधी वस्तू तुमच्या वर्णनाशी एकदा ताडून बघा. रेकॉर्डची तबकडी आणि कव्हर यांचा दर्जा वेगवेगळा लिहिलेला असतो, म्हणून दोन्ही उजेडात तपासा. आधी न दिसलेला ओरखडा दिसला तर फोटोसह लगेच सांगा आणि किंमत कमी करायची की व्यवहार रद्द करायचा, हे खरेदीदारावर सोपवा. वस्तू पोचल्यावर तो ओरखडा त्याला स्वतःला सापडला, तर परतीचा खर्च आणि वाईट अभिप्राय दोन्ही तुमच्या वाट्याला येतात. ईबे या मार्केटप्लेसवर तर २००८ पासून विक्रेत्याला खरेदीदाराबद्दल वाईट अभिप्राय देताच येत नाही. तिथे तुमच्या बाजूने बोलतो तो फक्त तुमचा पत्रव्यवहार.

पैसे भरल्यावर खरेदीदाराने संदेशातून दुसरा पत्ता दिला, तर आम्ही त्यावर पाठवत नाही. ईबे आणि पैसे देण्याघेण्याची सेवा पेपाल यांचे विक्रेत्याला मिळणारे संरक्षण व्यवहारात नोंदलेल्या पत्त्यालाच लागू असते. ऑर्डर रद्द करून योग्य पत्त्यासह नव्याने घ्यायला सांगा.

आयातशुल्क वाचावे म्हणून परदेशी पार्सलावर ‘भेटवस्तू’ लिहा किंवा किंमत कमी दाखवा, अशी गळ खरेदीदार घालतात. आम्ही ते करत नाही. ती खोटी घोषणा आहे, आणि पार्सल हरवले तर भरपाईही त्याच कमी किमतीवर अडते. टपालाचा सीएन २२ हा सीमाशुल्क घोषणेचा अर्ज ३०० एसडीआरपर्यंतच्या (एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक) किमतीला चालतो, त्याहून जास्त किमतीला सीएन २३ लागतो. दोन्ही आम्ही भरून देतो. त्यासाठी वस्तूचे नाव, साहित्य आणि खरी किंमत एवढेच कळवा.

एकाच खरेदीदाराने दोन-तीन वस्तू घेतल्या असतील तर त्या एकत्र आणा. वाहतूक खर्चात वाचलेला फरक त्याला आपणहून परत केला की तो पुढच्या वेळी तुमचीच यादी आधी उघडतो. एकत्रित बांधणीसाठी आम्ही वेगळे शुल्क लावत नाही.

आमच्या नोंदणी अर्जात ‘खरेदीदाराला सांगितलेली तारीख’ असा रकाना आहे. तो बरेच जण रिकामा सोडतात. बांधणीची रांग आम्ही त्या तारखेप्रमाणे लावतो. रकाना रिकामा असेल तर पार्सल त्या दिवसाच्या रांगेत शेवटी जाते.