स्वादुपिंडाजवळची गाठ: स्यूडोसिस्ट की ट्यूमर?

मुलगी तेरा-चौदा वर्षांची. सायकलवरून पडताना हँडल पोटात घुसलं, दुखणं थांबेना म्हणून सीटी स्कॅन काढला, तर स्वादुपिंडाला चिकटून मोठी गोल गाठ. सगळ्यांना पहिल्यांदा सुचतं ते एकच: मार लागला, पाणी साठलं, म्हणजे स्यूडोसिस्ट. स्कॅन त्याच दिवशीचा असेल, तर हा हिशेब जुळत नाही.

स्यूडोसिस्ट एका दिवसात होत नाही. माराने किंवा स्वादुपिंडाच्या दाहाने आतली नळी फाटते, पाचक रस झिरपतो आणि त्याभोवती शरीर हळूहळू तंतुमय भिंत धरतं. ती पक्की व्हायला साधारण ४ आठवडे जातात. पडल्याच्या दिवशीच जाड, रेखीव आवरणाची गाठ दिसली, तर ती आधीपासून होती. पडल्यामुळे फक्त सापडली.

अशा वेळी सॉलिड स्यूडोपॅपिलरी ट्यूमरचा, म्हणजे स्वादुपिंडातल्या एका दुर्मीळ गाठीचा, विचार व्हायलाच हवा. अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट व्हर्जिनिया फ्रान्ट्झ यांनी १९५९ मध्ये याचं वर्णन केलं. तो मुख्यतः किशोरवयीन मुली आणि तरुण स्त्रियांमध्ये आढळतो. मुलग्यांमध्ये कमी, पण होतो. त्याच्या रक्तवाहिन्या नाजूक असतात. आत रक्तस्राव होतो, पेशी मरून पोकळ्या पडतात, आणि मूळची भरीव गाठ स्कॅनवर पाण्याच्या पिशवीसारखी दिसू लागते. घोटाळा होतो तो इथेच. एमआरआयमध्ये आतलं रक्त आणि कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं औषध) घेणारा भरीव भाग वेगळा उठून दिसतो. शिवाय त्यात किरणोत्सर्ग नाही, मुलांच्या बाबतीत हे महत्त्वाचं.

रक्ततपासणीवर फार भिस्त ठेवू नये. लायपेज हे स्वादुपिंडाचं पाचक द्रव्य माराने तसंही वाढतं, आणि या ट्यूमरमध्ये नेहमीचे ट्यूमर मार्कर (गाठीची खूण देणारे रक्तातले घटक) बहुधा नॉर्मलच येतात. (लहान मुलात एएफपी हा मार्कर वाढलेला असेल, तर पॅन्क्रियाटोब्लास्टोमाकडे बघावं लागतं, तो स्वादुपिंडाचा वेगळाच कर्करोग.) तरीही शंका उरली, तर एन्डोस्कोपिक सोनोग्राफी करून सुईने नमुना घेतात. द्रवात अमायलेज हे पाचक द्रव्य भरपूर असेल, तर कौल स्यूडोसिस्टकडे. पेशी मिळाल्या आणि बीटा-कॅटेनिन हे प्रथिन त्यांच्या केंद्रकात दिसलं, तर ट्यूमरकडे.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण उपचार अगदी उलट आहेत. स्यूडोसिस्ट पुष्कळदा आपोआप जिरतो. त्रास देत राहिला, तर एन्डोस्कोपीने जठरात वाट काढून देतात. ट्यूमरचा असा निचरा करायला गेलं, तर त्याच्या पेशी पोटात सांडण्याचा धोका. तो अखंड काढायचा असतो. पूर्ण निघाला, तर बहुतेक मुलं बरी होतात, सहसा केमोथेरपीही लागत नाही. मात्र काहींमध्ये तो उशिरा, बहुधा यकृतात, पुन्हा उगवतो, म्हणून पुढची कित्येक वर्षं ठरावीक काळाने स्कॅन करत राहावं लागतं.