चुंबकाची ओढ कडेला जास्त का?

गोदावरीच्या पात्रातली मूठभर कोरडी वाळू घ्या, पैठणची असो की नांदेडची. चकतीसारखं सपाट चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळूतून फिरवा. पिशवीला काळे कण चिकटतील. दख्खनच्या काळ्या खडकातून झिजून आलेलं हे मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं चुंबकाला चिकटणारं खनिज. (पिशवी नसेल तर कण चुंबकावरून काढताना नाकी नऊ येतात.) चकतीच्या मध्यावर कण विरळ आणि कडेला दाट दिसतील.

चुंबक आधी कणालाच छोटं चुंबक बनवतं, मग ओढतं. पण ओढ लागायला नुसतं चुंबकीय क्षेत्र, म्हणजे चुंबकाचा भोवतालचा प्रभाव, पुरत नाही. कणाच्या एका बाजूला ते जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असावं लागतं. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे सुमारे ४० मायक्रोटेस्ला (क्षेत्र मोजायचं एकक) आहे, पण सुईच्या दोन्ही टोकांना सारखंच. म्हणून होकायंत्राची सुई वळते, उत्तरेकडे सरकत मात्र नाही. चकतीच्या कडेला क्षेत्ररेषा (क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या कल्पित रेषा; दाट तिथे क्षेत्र जास्त) दाटतात आणि झटकन वळतात, त्यामुळे तिथे फरक मोठा.

पट्टी-चुंबकाच्या मध्यावर टाचणी धरत नाही, म्हणून तो भाग मेलेला समजू नका. तिथे रेषा आतूनच जातात, बाहेर फारशा येत नाहीत. पट्टी मधोमध तोडली की तुटलेल्या तोंडांवर नवे ध्रुव तयार.

अंतराचा हिशेब फार कडक आहे. चुंबकाच्या आकाराच्या मानाने दूर असलेल्या बारीक कणाचं अंतर दुप्पट केलं, तर ओढ १२८ पटींनी घटते. अगदी जवळ घट इतकी तीव्र नसते, तरी कागदाच्या दहा ताव, म्हणजे जेमतेम १ मिलिमीटर, मध्ये घालून पाहा. टाचण्या गळायला लागतात.

लातूरकडच्या डाळमिलमध्ये खिळे, तारेचे तुकडे, लोखंडी कीस पकडायला चुंबकी दांड्यांची जाळी लावतात, तिथे हेच तत्त्व वापरलेलं असतं. दांडीत निओडिमियमच्या (या धातूपासून बनणाऱ्या फार ताकदवान चुंबकांच्या) चकत्या सारखे ध्रुव समोरासमोर ठेवून रचतात आणि मध्ये पोलादी चकती घालतात. एकमेकांना रेटणाऱ्या रेषा त्या पोलादातून बाहेर फुटतात. म्हणून कीस दांडीभर न बसता पट्ट्यापट्ट्यांनी बसतो. दांडीची ताकद तपासायची असेल तर चाचणी दांडीवरच्या या पट्ट्यांवरच घ्या.

जाळी निकामी होते ती बहुधा वापरण्याच्या पद्धतीमुळे. धान्याचा थर जाड सोडला की वरचा खिळा दांडीपासून लांबच निघून जातो. साचलेला कीस वेळेवर पुसला नाही तर अंतर वाढतं, शिवाय धान्याचा लोंढा तो परत खरवडून नेतो. पाळी संपली की पुसावाच. शेजारी वेल्डिंग करायचं तर आधी दांड्या काढा: साधं निओडिमियम सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पुढे ताकद गमावू लागतं, आणि गार झालं तरी गेलेली सगळी परत येत नाही. ३०४ स्टेनलेसचा (चुंबकाला जवळजवळ न चिकटणाऱ्या पोलादाचा) बोल्ट मात्र धडधाकट दांडीलाही सहसा सापडत नाही. त्यासाठी पुढे मेटल डिटेक्टर लागतो.