टेबलांचं नातं आणि रेफरन्शियल इंटिग्रिटी

डेटाबेसमधे सगळी माहिती एकाच लांबलचक टेबलात, म्हणजे रकाने-ओळींच्या तक्त्यात, न कोंबता वेगवेगळ्या टेबलांत ठेवतात आणि ती टेबलं एकमेकांना जोडतात, त्या जोडणीला रिलेशनशिप म्हणजे नातं म्हणतात. हे नातं तुटू नये म्हणून डेटाबेस स्वतः जी राखण करतो ती रेफरन्शियल इंटिग्रिटी. या रिलेशनल पद्धतीचा पाया आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० च्या लेखात घातला, १९८१ ला त्यांना संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

लातूरच्या मोंढ्यातलं आडत दुकान डोळ्यासमोर आणा. सोयाबीनच्या सीझनला पट्ट्यांवर पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालविक्रीच्या हिशोबाच्या पावत्या) होतात, आणि नवीन शिकणारा काय करतो तर एकच टेबल बनवून प्रत्येक पट्टीसमोर शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाईल परत परत टाइप करत बसतो. मग कुठं रेणापूर कुठं रेनापूर, मोबाईल बदलला की चाळीस ठिकाणी बदला, आणि एकाच गावात एकाच नावाचे दोघं निघाले तर एकाची उचल दुसऱ्याच्या खात्यावर, आणि ते भांडण दुकानात येतं.

म्हणून शेतकऱ्यांचं टेबल वेगळं. त्यात प्रत्येकाला एक नंबर, जो दुसऱ्या कुणाला नाही, ती प्रायमरी की. पट्टीच्या टेबलात नाव नाही लिहायचं, फक्त तो नंबर, तिथं तो फॉरेन की होतो. एक शेतकरी, पट्ट्या कितीही, हे वन टू मेनी नातं, सगळ्यात जास्त हेच लागतं. शेतकरी आणि खरेदीदार यांचं मात्र दोन्हीकडून अनेकांशी जमतं, तिथं मधे सौद्याचं तिसरं टेबल लागतंच.

आता खरी गोष्ट. दोन टेबलांमधे नुसती रेघ ओढून राखण होत नाही. मायक्रोसॉफ्ट अॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममधे रिलेशनशिप विंडोत रेघ ओढली की एक चौकट उघडते, त्यात एन्फोर्स रेफरन्शियल इंटिग्रिटीवर टिक करावी लागते, तेव्हा रेघेच्या एका टोकाला १ आणि दुसऱ्याला अनंताचं चिन्ह येतं. त्यानंतर १०७ नंबरचा शेतकरी नसेल तर त्याच्या नंबरची पट्टी सेव्हच होत नाही, आणि ज्याच्या पट्ट्या आहेत तो शेतकरी डिलीट होत नाही. टिक नसेल तर बिनमालकाच्या पट्ट्या साठत जातात, त्यांना ऑर्फन रेकॉर्ड म्हणतात. नंबरचा रकाना रिकामा सोडला तर मात्र टिक असूनही पट्टी सेव्ह होते, त्यासाठी त्या रकान्याला रिक्वायर्ड येस करावं.

त्याच चौकटीत कास्केड डिलीट असतं. नवीन माणसानं याला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण एक शेतकरी उडवला की त्याच्या सगळ्या वर्षांच्या पट्ट्या सोबत जातात. शेतकरी बंद झाला तर 'चालू नाही' असा रकाना ठेवा.

प्रायमरी की आणि फॉरेन की या दोन्ही रकान्यांचा डेटा टाइप म्हणजे माहितीचा प्रकारही जुळावा लागतो, एकीकडे ऑटोनंबर (आपोआप पडणारा नंबर) असेल तर समोर लाँग इंटिजर (पूर्णांकाचा प्रकार). दुसऱ्या डेटाबेस प्रोग्रॅममधे वेगळं असतं. एसक्यूलाइटमधे ही राखण मुळात बंदच असते, प्रत्येक कनेक्शनला प्राग्मा नावाची आज्ञा देऊन चालू करावी लागते, आणि मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं जुनं मायआयसॅम इंजिन फॉरेन की लिहून घेतं पण पाळत नाही, इनोडीबी पाळतं.

डेटा आधीच भरलेला असेल आणि त्यात ऑर्फन असतील तर अॅक्सेस टिक घेत नाही. अशा वेळी जोडी न जुळणारे रेकॉर्ड दाखवणारी फाइंड अनमॅच्ड क्वेरी चालवून बिनमालकाच्या पट्ट्या शोधायच्या, कागदी पट्टी हातात घेऊन एकेकीचा मालक लावायचा, मग टिक करायची.