कम्पॅटिबिलिटी मोड वेगळा, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर वेगळं

जुना फ्लाइट सिम्युलेटर नव्या विंडोजवर चालत नाही म्हणून कुणालाही विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "राइट क्लिक कर, प्रॉपर्टीजमध्ये जा, कम्पॅटिबिलिटीत एक्सपी निवड, खाली ॲडमिनिस्ट्रेटरवर टिक मार, झालं." कधी कधी होतंही, म्हणूनच हा सल्ला मरत नाही. पण दोन्ही टिक एकदम मारून गेम चालला, तर तो नेमका कशाने चालला हे कळत नाही. मग चार दिवसांनी मोपाची, म्हणजे गोव्यातल्या पेडण्याच्या नव्या विमानतळाची, वरून जोडलेली सीनरी गायब झाली की विंडोजला शिव्या सुरू. हे दोन्ही पर्याय एका टॅबवर एकाखाली एक आहेत, एवढंच त्यांचं नातं.

खाली एफएसएक्स म्हणजे 2006 साली दोन डीव्हीडींवर आलेला मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर, आणि 2004 म्हणजे त्याच्या आधीचा, 2003 मध्ये चार सीडींवर आलेला. नवी विंडोज म्हणजे 10 किंवा 11.

कम्पॅटिबिलिटी मोड तुम्हाला ठाऊकच आहे, त्यामुळे थोडक्यात. प्रोग्राम विचारतो, मी कुठल्या विंडोजवर चालतोय? मोड लावला असेल तर विंडोज खोटं उत्तर देते आणि त्या जुन्या विंडोजच्या काही सवयींची नक्कल करते. एखादा सेटअप दारातच "एक्सपी किंवा त्यापुढची विंडोज हवी" म्हणून अडून बसला, तर हे खोटं उपयोगी पडतं. पण हे खोटं विंडोज तसंही बोलतच असते. 8.1 पासून पुढे, ज्या प्रोग्रामने आपल्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे प्रोग्रामसोबतच्या माहितीपत्रकात, नव्या विंडोजची नोंद केलेली नाही, त्याला 6.2 म्हणजे विंडोज 8 एवढंच सांगितलं जातं. मशीनवर 11 असली तरी. 2006 च्या प्रोग्रामात 11 ची नोंद असणार कुठून? म्हणून एफएसएक्ससाठी हा मोड आधी बंदच ठेवावा. खरोखर कुठे अडलं तरच लावून बघायचा, तोही ज्या फाइलवर अडलं तिच्यावरच. सेटअपला लावलेला मोड गेमच्या फाइलला आपोआप लागत नाही, हेही पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आता दुसरी टिक. घोळ होतो तो इथे.

ॲडमिनिस्ट्रेटरच्या टिकेला विंडोजच्या जुन्या-नव्याशी काही देणंघेणं नाही. तिचा प्रश्न एकच: या प्रोग्रामला इथे लिहायची परवानगी आहे का? एक्सपीच्या काळात घरातला जवळजवळ प्रत्येक माणूस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच लॉगिन करायचा, त्यामुळे गेम आपल्याच फोल्डरात हवं ते लिहीत असे आणि कुणाला काही वाटत नसे. व्हिस्टापासून प्रोग्राम फाइल्स या फोल्डराला कुलूप लागलं. तुमचं खातं ॲडमिनचं असलं तरी प्रोग्राम साध्या परवानगीनेच उघडतो आणि त्याला तिथे लिहिता येत नाही.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की लिहिता आलं नाही तरी जुना प्रोग्राम तक्रार करत नाही, कारण विंडोज त्याला फसवते. प्रोग्राम 32 बिटचा असेल, मॅनिफेस्टमध्ये परवानगीबद्दल काहीच लिहिलेलं नसेल आणि तो ॲडमिन म्हणून चालत नसेल, तर प्रोग्राम फाइल्समध्ये केलेलं त्याचं लिखाण विंडोज गुपचूप भलतीकडे नेऊन ठेवते. जागा अशी: सी ड्राइव्ह, युजर्स, तुमचं नाव, ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर. ॲपडेटा लपवलेला असतो, म्हणून एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूतून हिडन आयटम्स चालू करा. आत प्रोग्राम फाइल्सची हुबेहूब छोटी प्रतिकृती दिसेल आणि तिच्यात फक्त बदललेल्या फायली. पुढच्या वेळी तोच प्रोग्राम ती फाइल वाचायला गेला की विंडोज आधी ही सावलीप्रत पुढे करते. प्रोग्रामला वाटतं, आपण खऱ्याच फोल्डरात आहोत.

एक उदाहरण बारकाईने बघू. एफएसएक्स नेहमीप्रमाणे प्रोग्राम फाइल्समध्ये बसवलाय. एखाद्या विमानाला नवा रंग चढवायचा, म्हणजे लिव्हरी घालायची, तर दोन कामं असतात: सिमऑब्जेक्ट्समधल्या त्या विमानाच्या फोल्डरात टेक्स्चरचा नवा फोल्डर ठेवायचा, आणि एअरक्राफ्ट.सीएफजी या फाइलमध्ये एफएलटीसिमचा पुढच्या क्रमांकाचा नवा विभाग लिहायचा. हे काम करणारं एक जुनं छोटं टूल तुम्ही साध्या डबल क्लिकने उघडलं. त्याने दोन्ही कामं केली, "सक्सेसफुल" म्हणाला. टूलमध्ये नवी लिव्हरी दिसतेय. पण सिमला तुम्ही कुणाच्या तरी सल्ल्याने ॲडमिनची टिक मारून ठेवलीय. ॲडमिन म्हणून चालणाऱ्या प्रोग्रामला सावलीप्रत दाखवलीच जात नाही, तो खरी फाइल वाचतो. विमानांच्या यादीत लिव्हरी नाही. एक्सप्लोररने फाइल उघडून बघितली तर बदल नाही, कारण एक्सप्लोररलाही सावलीप्रत दिसत नाही. नोटपॅडने हाताने लिहायला गेलात तर "ॲक्सेस डिनाइड". अशा वेळी माणूस लिव्हरी पुन्हा डाउनलोड करतो, टूल पुन्हा टाकतो आणि शेवटी वर जाऊन कम्पॅटिबिलिटीत एक्सपी निवडतो. एक्सपी निवडून फोल्डराचं कुलूप बदलत नाही.

2004 मध्ये हाच प्रकार सीनरीबाबत होतो, आणि जास्त चीड आणतो. एफएसएक्सची सीनरी.सीएफजी प्रोग्रामडेटामध्ये असते. 2004 ची मात्र थेट गेमच्या मुख्य फोल्डरात. मोपाच्या विमानतळावरून 5 जानेवारी 2023 ला उड्डाणं सुरू झाली, त्यामुळे या दोन्ही सिमांच्या पेडण्यात नुसतं पठार आहे. विमानतळ हवा तर वेगळी सीनरी जोडावी लागते. साध्या पद्धतीने 2004 उघडून ती जोडली की नोंद सावलीप्रतीत जाते. दुसऱ्या दिवशी ॲडमिन म्हणून उघडलात की मोपा नाही, टिक काढलीत की मोपा परत हजर! सीनरी बिघडलेली नसते. सीनरी.सीएफजी दोन झालेल्या असतात आणि तुम्ही टिक मारून-काढून त्यांच्यात ये-जा करत असता.

(व्हिस्टा आणि 7 च्या एक्सप्लोररमध्ये या सावलीप्रती दाखवणारं बटण होतं. त्याला नाव काय दिलं? 'कम्पॅटिबिलिटी फाइल्स'. गोंधळाला एवढा हातभार कमी होता म्हणून की काय.)

कोणता प्रोग्राम कसा चालतोय याचा अंदाज बांधत बसू नका. सिम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा, डिटेल्स टॅबवर जा, स्तंभांच्या नावांवर राइट क्लिक करून सिलेक्ट कॉलम्समधून 'एलिव्हेटेड' आणि 'यूएसी व्हर्च्युअलायझेशन' हे दोन स्तंभ घ्या. एलिव्हेटेडपुढे 'येस' असेल तर प्रोग्राम खरी फाइल वाचतोय. व्हर्च्युअलायझेशनपुढे 'एनेबल्ड' असेल तर सावलीप्रतीशी गाठ आहे.

मग कायमची ॲडमिन टिक हा इलाज का नाही? एक तर ती सिमला लागते, सोबतच्या टूलना नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. विंडोज कमी परवानगीच्या प्रोग्रामला जास्त परवानगीच्या प्रोग्रामच्या खिडकीला संदेश पाठवू देत नाही. एफएसयूआयपीसी या दुवा साधणाऱ्या ॲड-ऑनमार्फत सिमशी बोलणारे बाहेरचे प्रोग्राम, नकाशे, गेज, कॉकपिटच्या हार्डवेअरची सॉफ्टवेअरं या संदेशांवरच चालतात. सिम ॲडमिन आणि नकाशा साधा असेल तर नकाशावर विमान उमटतच नाही. मग नकाशालाही ॲडमिन करा, त्याच्या मदतनीस प्रोग्रामलाही करा, आणि दर वेळी स्क्रीन काळा होऊन परवानगीची खिडकी येते ती वेगळीच. दोन्ही बाजू सारख्याच पातळीवर हव्यात, आणि ती पातळी साधीच बरी.

खरा इलाज कुलूपच नसलेल्या जागी बसवण्याचा. सेटअपला ॲडमिनची परवानगी जरूर द्या; तो मागतोच, आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, लिहायला त्याला ती लागते. पण जागा विचारली की कस्टम निवडून सी ड्राइव्हच्या मुळाशी 'एफएसएक्स' नावाचा फोल्डर द्या, किंवा डी ड्राइव्हवर. तिथे नव्याने केलेल्या फोल्डरात साध्या परवानगीनेही लिहिता येतं. सुमारे 14 जीबी जागा मोकळी हवी. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स टाळा, वनड्राइव्ह त्यांना उचलून क्लाउडवर चढवत बसतो. बसवून झाल्यावर एकदा सिम उघडून बंद करा, मग सर्व्हिस पॅक 1, पुन्हा एकदा उघडून बंद, मग सर्व्हिस पॅक 2. पॅक 2 ला पॅक 1 लागतोच. स्टीमवरची आवृत्ती असेल तर पॅकची भानगड नाही. स्टीमच्या सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये दुसऱ्या ड्राइव्हवर लायब्ररी करा आणि तिथे उतरवा.

आधीच प्रोग्राम फाइल्समध्ये बसवून वर पन्नास ॲड-ऑन चढवले असतील, तर फोल्डर कापून दुसरीकडे चिकटवू नका. ॲड-ऑनचे सेटअप जागा रजिस्ट्रीतून शोधतात, त्यांना जुनाच पत्ता मिळेल. त्याऐवजी सिमच्या फोल्डरावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट, आणि 'युजर्स' या गटाला 'मॉडिफाय'ची परवानगी. फक्त सिमच्या फोल्डराला. अख्ख्या प्रोग्राम फाइल्सला देणारे महाभाग असतात, तसं करू नका. परवानगी दिल्यावर नवं लिखाण खऱ्या जागी जाईल, पण व्हर्च्युअलस्टोअरमधल्या जुन्या सावलीप्रती तिथेच राहतात आणि वाचताना अजूनही त्याच पुढे येतात. ही पायरी सगळेच विसरतात. सिम बंद करून त्या फोल्डराची एक प्रत बाजूला ठेवा, हवे असलेले बदल खऱ्या फायलींत आणा आणि व्हर्च्युअलस्टोअरमधला सिमचा फोल्डर पुसून टाका. त्यानंतर दोन्ही टिका काढा.

त्याच टॅबवरच्या बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत. मेनू धुरकट दिसत असतील तर हाय डीपीआयच्या सेटिंगमध्ये 'ॲप्लिकेशन' निवडा. 256 रंगांच्या चौकटीला हातही लावू नका.

काही दुखण्यांना दोन्ही टिका उपयोगाच्या नाहीत. मेमरी संपली म्हणून एफएसएक्स बंद पडतो, त्याचं कारण तो 32 बिटचा आहे हे; 32 जीबी रॅम घातली तरी तो 4 जीबीपलीकडे जात नाही. डिटेलचे स्लायडर खाली आणा. 2004 मल्टिप्लेअरसाठी डायरेक्टप्ले हा विंडोजचा जुना घटक मागतो. कंट्रोल पॅनेलमधल्या विंडोज फीचर्समध्ये लेगसी कम्पोनंट्सखाली ते चालू करता येतं. डॉक्युमेंट्समध्ये फ्लाइट सेव्ह होत नसेल तर विंडोज सिक्युरिटीतलं कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस चालू आहे का बघा.

आणि 2004 ड्राइव्हमध्ये सीडी असूनही सीडीच मागत राहिला, तर आधी सीडी उजेडात धरून बघा, आपल्याकडच्या चार पावसाळ्यांत बुरशीने जाळी धरलेली असते. ती स्वच्छ असेल तर दोष सेफडिस्कचा. त्या कॉपी-संरक्षणाचा सेकडीआरव्ही हा ड्रायव्हर विंडोज 10 पासून पुढे दिलेलाच नाही, आणि 7 व 8.1 वरही 2015 च्या सुरक्षा अपडेटने तो बंद केला. कारण साधं होतं: सिस्टिमच्या मुळाशी चालणारा तो ड्रायव्हर हल्ल्याला वाट करून देत होता. तो कुठून तरी शोधून परत बसवणं म्हणजे त्याच मशीनवर बँकेचे व्यवहार करणाऱ्याने दार काढून ठेवणं आहे. नेटवर मिळणाऱ्या 'नो-सीडी' फायलींत काय भरलंय याचीही हमी कुणी देत नाही. 2004 च हवा असेल तर इंटरनेट न जोडलेलं एक्सपीचं जुनं मशीन ठेवा. नाहीतर एफएसएक्सची स्टीम आवृत्ती घ्या.