सहनशक्ती मोटारशर्यतीतील हौशी चालक

सहा, बारा किंवा चोवीस तास चालणाऱ्या स्पोर्ट्स कारच्या शर्यतीत पदरचे पैसे घालून उतरणारा आणि पोटापाण्यासाठी दुसराच उद्योग करणारा चालक. शर्यतीच्या जगात त्याला ‘जंटलमन ड्रायव्हर’ म्हणतात, तर आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ म्हणजे एफआयएच्या दफ्तरी तो ‘ब्राँझ’ असतो. बहुतेक खेळांत हौशी माणूस व्यावसायिकांचा सामना प्रेक्षागारातून पाहतो. इथे त्याच्यावाचून गाडी सुरूच होत नाही. जागतिक सहनशक्ती अजिंक्यपद मालिकेच्या एलएमजीटी३ या, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवर बेतलेल्या ‘जीटी’ गाड्यांच्या वर्गात प्रत्येक गाडीच्या तिघा चालकांपैकी एक ब्राँझ असावाच लागतो.

कारण उघड आहे. मोठ्या कंपन्या येतात, जिंकतात आणि संचालक मंडळाचे मन फिरले की निघून जातात. मैदान भरलेले राहते ते हौशी चालकांच्या पैशावर. गाडीचे भाडे, टायर, यांत्रिक, प्रवास आणि सोबतच्या दोन व्यावसायिक चालकांचे मानधन हे सगळे अनेकदा या एका माणसाच्या खिशातून जाते. हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो, पण या खेळात हौसेचे बिल दर शर्यतीनंतर नेमके हाती पडते.

ही प्रथा नवी नाही. फ्रान्समधील ल माँची चोवीस तासांची शर्यत १९२३ मध्ये सुरू झाली आणि पहिल्याच दशकात ती गाजवली इंग्लंडच्या ‘बेंटली बॉइज’नी, म्हणजे बेंटली मोटारी चालवणाऱ्या मंडळींनी. त्यांतला डडली बेंजाफील्ड हा लंडनचा डॉक्टर, जीवाणुशास्त्रज्ञ, तर सॅमी डेव्हिस मोटारविषयक पत्रकार. १९२७ मध्ये ‘व्हाइट हाउस’ या वळणापाशी अंधारात अपघात झाला आणि संघाच्या तिन्ही बेंटली त्यात सापडल्या. डेव्हिसने आपली वाकडी झालेली गाडी कशीबशी बाहेर काढली. पुढचा एक दिवा फुटलेला, आस वाकलेला. अशा गाडीतून दोघांनी दुसऱ्या क्रमांकापेक्षा २० फेऱ्या जास्त मारून शर्यत जिंकली. पुढे लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातील मेजवानीला ती गाडीही सन्मानाने आत आणली गेली. वुल्फ बार्नाटो हा दक्षिण आफ्रिकेतील हिऱ्यांच्या खाणींतून उभ्या राहिलेल्या संपत्तीचा वारस. तो ल माँला तीनदाच उतरला (१९२८, १९२९, १९३०) आणि तिन्ही वेळा जिंकला. बेंटली कंपनीत पैसा ओतणाराही तोच होता. आजच्या अर्थाने संघाचा चालक आणि धनको एकच असण्याचा हा पहिला ठळक नमुना म्हणता येईल.

व्यावसायिकता वाढली तशी ही जागा आक्रसली, तरी नाहीशी झाली नाही. अमेरिकन अभिनेता पॉल न्यूमन १९७९ मध्ये, वयाच्या ५४व्या वर्षी, पोर्श ९३५ मधून रोल्फ श्टोमेलेन आणि संघमालक डिक बार्बर यांच्यासह ल माँला एकंदरीत दुसरा आला. सत्तराव्या वर्षी, १९९५ मध्ये, अमेरिकेतील डेटोनाच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याच्या संघाने आपला वर्ग जिंकला. हा नट हौशी होता की व्यावसायिक, यावर वाद घालता येईल. मोटार चालवणे हा त्याचा धंदा नव्हता एवढे नक्की.

आजची व्यवस्था चार श्रेणींवर उभी आहे: प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ. वय आणि आजवरची कामगिरी पाहून एफआयए श्रेणी ठरवते. तिशीनंतर शर्यतीचा पहिला परवाना काढलेला आणि सिंगल-सीटर म्हणजे एकाच आसनाच्या फॉर्म्युला गाड्यांचा फारसा अनुभव नसलेला माणूस साधारणपणे ब्राँझमध्ये जातो. कागदावर हे सरळ आहे, भांडणे तिथूनच सुरू होतात. सिल्व्हर श्रेणीत पैसेवाला उद्योजकही असतो आणि फॉर्म्युला गाड्यांत हात तयार झालेला, पण अजून मोठे विजेतेपद न मिळालेला विशीतला मुलगाही. अशा मुलाला ‘सुपर सिल्व्हर’ म्हणतात आणि संघ त्याच्यासाठी झुंबड करतात. वेगवान ब्राँझ तर सोन्याच्या भावाने जातो. श्रेणी वर सरकली की काही चालकांना काम मिळेनासे होते, त्यामुळे बढती झाल्याबद्दल तक्रार करणारे खेळाडू बहुधा याच खेळात सापडतील.

ब्राँझला गाडीत नुसते नाव घालून बसवता येत नाही. ल माँला त्याने किमान ६ तास चाक हाती धरले पाहिजे. कमाल मर्यादाही आहे: कोणाही चालकाला ६ तासांच्या अवधीत ४ तासांहून जास्त आणि एकूण १४ तासांहून जास्त चालवता येत नाही. ल माँचे वर्तुळ १३.६२६ किलोमीटरचे असून जीटी गाडीला एका फेरीस सुमारे चार मिनिटे लागतात. व्यावसायिकापेक्षा फेरीमागे ३ सेकंद मंद असलेला हौशी चालक सहा तासांत एक अख्खी फेरी घालवून बसतो. व्यावसायिक चालकांचे आपसांतले अंतर सेकंदाच्या अंशांत असते. म्हणून जीटी शर्यतीचा निकाल बव्हंशी त्या तीन सेकंदांत दडलेला असतो, सर्वांत वेगवान चालकाच्या पराक्रमात नव्हे.

मग सगळी बुद्धी या तीन सेकंदांमागे लागते. सिम्युलेटरवर सराव होतो, ब्रेक कुठे दाबला याचे आलेख व्यावसायिकाच्या आलेखावर ठेवून पाहिले जातात, शेजारी बसणारा प्रशिक्षक नेमला जातो. शर्यतीतही डावपेच असतात. अपघातानंतर सगळ्यांचा वेग रोखणारी सेफ्टी कार रस्त्यावर आली की सगळेच हळू चालतात, तेव्हा ब्राँझला गाडीत बसवायचे: घड्याळ पुढे सरकते, सक्तीचे तास भरतात आणि नुकसान काहीच होत नाही. शेवटचा टप्पा मात्र जवळजवळ नेहमी व्यावसायिकाचा. गाड्यांनीही या माणसाला सांभाळून घेतले आहे. २००६ पासून रुजलेल्या जीटी३ प्रकारात चाके अडकू न देणारे एबीएस ब्रेक आणि चाके जागीच फिरू न देणारे ट्रॅक्शन कंट्रोल असते. जागतिक मालिकेत २०२३ पर्यंत धावणाऱ्या जीटीई गाड्यांत एबीएस नव्हते. २०२४ पासून तिथे जीटी३ आल्यावर ब्रेक चुकण्याची भीती पुष्कळ कमी झाली.

टेक्सासचा मोटारविक्रेता बेन कीटिंग हे या वर्गाचे सर्वांत बोलके उदाहरण. २०१९ मध्ये त्याच्या फोर्ड जीटीने ल माँला हौशी वर्गात पहिला क्रमांक पटकावला. तपासणीत आढळले की इंधन भरायला किमान ४५ सेकंद लागायला हवेत, तिथे ४४.४ लागत होते. त्याचा दंड ठोठावला, तोवर दुसरी चूक निघाली: टाकीत ९६ लिटरऐवजी ९६.१ लिटर इंधन मावत होते. शंभर मिलिलिटर म्हणजे चहाचा एक कप. गाडी बाद झाली. कीटिंगने २०२२ मध्ये अॅस्टन मार्टिनमधून तोच वर्ग जिंकला आणि २०२३ मध्ये कॉर्व्हेटमधून, सुरुवातीलाच दुरुस्तीत दोन फेऱ्या मागे पडूनही, पुन्हा जिंकला. त्याच वर्षी बहरीनला ‘आयर्न डेम्स’ या संघाच्या सारा बोव्ही, राहेल फ्रे आणि मिशेल गॅटिंग यांनी हौशी वर्गात बाजी मारली. जागतिक मालिकेत केवळ स्त्री चालक असलेल्या गाडीचा तो पहिला वर्गविजय. त्यांतली ब्राँझ चालक होती बोव्ही.

या व्यवस्थेची काळी बाजू दोन ठिकाणी दिसते. पहिली रस्त्यावर. ताशी ३०० किलोमीटरहून वेगाने येणारी प्रोटोटाइप म्हणजे खास शर्यतीसाठीच बांधलेली गाडी आणि तिच्यापुढची मंद जीटी यांची एकाच पट्टीवर गाठ पडते. २०११ च्या ल माँमध्ये ऑडीच्या तीनपैकी दोन गाड्या जीटी गाड्यांना मागे टाकताना चक्काचूर झाल्या. दोन्ही चालक बचावले हे नवलच. रात्रीच्या अपघातातील फेरारीच्या हौशी चालकाला उरलेल्या शर्यतीतून बाहेर काढण्यात आले. उरलेली एकुलती ऑडी १३.८५४ सेकंदांनी जिंकली. दुसरी बाजू पैशाची. पैसा कुठून आला हे पिटमध्ये, म्हणजे संघांच्या गाड्या थांबतात त्या जागी, कोणी विचारत नाही. चाळिशीत शर्यतीकडे वळलेला, ‘लेव्हल फाइव्ह’ संघाचा मालक आणि चालक स्कॉट टकर अमेरिकेत विजेतेपदांवर विजेतेपदे घेत होता. बेकायदा व्याजदराच्या कर्जधंद्याबद्दल त्याला २०१८ मध्ये १६ वर्षे ८ महिन्यांची शिक्षा झाली.

फ्रान्सच्या फ्रेडेरिक सोसे याची गोष्ट याच्या दुसऱ्या टोकाची. २०१२ मध्ये जंतुसंसर्गामुळे त्याचे दोन्ही हात-पाय कापावे लागले. ल माँ प्रायोगिक गाडीसाठी एक जागा राखून ठेवते. २०१६ मध्ये त्या जागेवरून त्याने खास बदललेली मॉर्गन प्रोटोटाइप चालवली. सुकाणू उजव्या हाताच्या कृत्रिम जोडाने फिरायचे, वेग आणि ब्रेक मांड्यांच्या दाबाने. दोन साथीदारांसह गाडी चोवीस तास पूर्ण करून ३८वी आली.

हे सगळे श्रीमंतांचे. पण हौशे-नवशे-गवशे सगळे जमतात अशी जत्राही आहे. जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगच्या जुन्या, सुमारे २०.८ किलोमीटरच्या नॉर्डश्लाइफे या शर्यतमार्गावर कारखान्यांच्या जीटी३ गाड्यांबरोबर घरच्या गॅरेजात जुळवलेल्या छोट्या गाड्याही धावतात. अँटेनाला कोल्ह्याची शेपटी बांधलेली जुनी ओपेल मांटा तिथल्या प्रेक्षकांची लाडकी. अमेरिकेत तर २००६ पासून ‘२४ अवर्स ऑफ लेमन्स’ चालते. लेमन म्हणजे तिकडच्या बोलीत गळ्यात पडलेली खटारा गाडी, आणि नावात ल माँची टिंगल. मूळ अट अशी की गाडीची किंमत ५०० डॉलरपेक्षा जास्त नको. तिथे बक्षिसाची रक्कम पाच-पाच सेंटच्या नाण्यांत मोजून दिल्याचे प्रसंग आहेत. पिशवी उचलून घरी न्यायची, एवढाच काय तो बोजा.

भारताचा संबंध उशिरा आला. ल माँला प्रत्यक्ष शर्यतीत उतरलेला पहिला भारतीय करुण चांडोक. २०१२ मध्ये तो सहावा आला, पण तो व्यावसायिक. २०२१ मध्ये एशियन ल माँ मालिकेत ‘रेसिंग टीम इंडिया’ उतरली. तिच्यात नारायण कार्तिकेयन आणि अर्जुन मैनी या व्यावसायिकांसोबत नवीन राव हे हौशी चालक होते. म्हणजे वर सांगितलेले सूत्र तंतोतंत. त्यानंतर गाजावाजा झाला तो तमिळ चित्रपट अभिनेता अजित कुमार यांच्या संघाचा. जानेवारी २०२५ मध्ये दुबईच्या चोवीस तासांच्या शर्यतीआधी सरावात त्यांची पोर्श भिंतीवर आदळली. ते स्वतः सुखरूप बाहेर आले. गाडी दुरुस्त झाली, मात्र अजित यांनी त्या गाडीचे चाक साथीदारांवर सोपवले आणि स्वतः दुसऱ्या, जीटी४ वर्गातील पोर्शमधून चालवले. सरावात मोडलेली ती पहिली गाडी आपल्या वर्गात तिसरी आली.